अर्ध्या हळकुंडाने पिवळे

अल्पशा ज्ञानाने फुशारून जाणाऱ्या मनुष्यास आपल्या भाषेत 'अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला' असे म्हणतात, हे वाचकांस सांगावयास नकोच. पस्तीस वर्षांच्या शिक्षकीत ही म्हण मी किती विद्यार्थ्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईने लिहिली असेल, ह्याची गणती नाही. परंतु ती अक्षरशः खरी होऊन डोळ्यांतील पांढऱ्या भागापासून तळहातापर्यंत आपल्याच देहावर उमटलेली पाहण्याचा योग मला गेल्या फाल्गुनात आला. ह्या महिन्याचे पान त्या अनुभवासाठी खर्ची घालीत आहे. गेल्या पौषाच्या अंकात ह्याच सदरात मी हरिद्रेची मुक्तकंठाने स्तुती केली होती, आणि ती वाचून ज्या बंधुभगिनींनी 'आपण घेता ती गोळी कोणती?' अशी पत्रे धाडली, त्यांस मी मोठ्या हौसेने उत्तरेही धाडली होती. ती उत्तरे मागे घेणे हे आज माझे कर्तव्य आहे.

गोष्ट अशी घडली. कार्तिकापासून माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला. दोंडाईच्यास त्या दिवसांत मिरचीचा हंगाम भरात असतो; गावाबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि वाऱ्याबरोबर तिचा ठसका घरापर्यंत येतो. पहाटे त्या बाजूने फिरावयास जाण्याचा माझा नित्यक्रम. तो खंडित होऊ लागला, तेव्हा एका स्नेह्यांनी भ्रमणध्वनीवरील एक जाहिरात दाखविली. हळदीचा ९५ टक्के शुद्ध अर्क, सोबत मिऱ्याचे सत्त्व, आणि वर 'ऋषिमुनींचे ज्ञान, आधुनिक विज्ञानाची मान्यता' असे वाक्य. ज्याचा जन्म अमरकोश घोकण्यात आणि घोकविण्यात गेला, त्यास ह्याहून मोठे आमिष कोणते? सकाळ-सायंकाळ एकेक गोळी सुरू केली. मार्गशीर्ष सरता सरता गुडघ्यास थोडा उतार पडला. मग काय विचारता! पौषात ह्या पानावर लेख लिहिला आणि अमळनेरास आमच्या अक्कांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भगिनींकडे, एक बाटली पोहोचती केली.

माघात अन्नावरची वासना उडाली. थकवा वाटू लागला, अंगास खाज सुटू लागली. फाल्गुनाच्या प्रारंभी लघवी काळसर चहासारखी होऊ लागली व एके दिवशी सौभाग्यवतींनी खिडकीच्या उजेडात माझ्या डोळ्यांकडे पाहून कपाळास हात लावला. धुळ्यास नेण्यात आले. डॉक्टरांनी रक्त तपासले, कावीळ करणाऱ्या विषाणूंचा शोध घेतला, पोटाचे चित्र काढले. खडा नाही, विषाणू नाही, मद्याचा तर प्रश्नच नाही. परंतु यकृतातील पेशी फुटल्या की रक्तात जे द्रव्य वाढते, ते नेहमीच्या कित्येक पट वाढलेले. "दुसरे एखादे औषध घेता काय?" असे त्यांनी विचारले. "नाही," असे मी उत्तर दिले, आणि ते माझ्या मते संपूर्ण सत्य होते.

आमची धाकटी सून महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविते. घरी परतल्यावर तिने माझ्या पुस्तकांच्या कपाटातून ती बाटली काढून समोर ठेवली.

"मामंजी, ही कोणी दिली?"

"कोणी द्यावयाची? हळद आहे ती. तुझ्या सासूबाई नित्य आमटीत घालतात तीच."

"आमटीतली किती आणि हिच्यातली किती, ह्याचा हिशेब केलात?"

मी गणित शिकविलेला मनुष्य. तरी तो हिशेब केला नव्हता. तिने कागद पुढे केला आणि आम्ही दोघांनी तो मांडला. वाचकांनीही मांडून पाहावा. हळदीच्या पुडीत तिचा पिवळा गुणद्रव्यांश, ज्यास कर्क्युमिन म्हणतात, शेकडा सुमारे ३ असतो. काही जातींत तो ५-६ पर्यंतही जातो. घरातील मनुष्याच्या पोटात दिवसाकाठी २ ग्रॅम हळद जाते असे धरले, तर कर्क्युमिन जाते ६० मिलिग्रॅम. माझी एक गोळी ५०० मिलिग्रॅमची, ९५ टक्के शुद्ध. दोन गोळ्या म्हणजे ९५० मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी साधी हळद खावयाची झाल्यास सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने पावणेतीन तोळे, रोज खावी लागेल! अन्नात मिसळावयाच्या द्रव्यांची मर्यादा ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने कर्क्युमिनची दैनिक मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोस ३ मिलिग्रॅम अशी घालून दिली आहे. माझे वजन ६० किलो; माझी मर्यादा १८० मिलिग्रॅम. मी तिच्या पाचपटीहून अधिक घेत होतो, आणि तेही तीन महिने.

"आणखी कोणाला दिलीत?" हा सूनबाईचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर देताना माझ्या घशास कोरड पडली. ती हकीकत शेवटी सांगतो. तत्पूर्वी हळद म्हणजे काय आणि तिच्याविषयी आपणांस नक्की किती ठाऊक आहे, हे नीट पाहू. कारण अर्धे हळकुंड पुरे करणे हाच ह्या दोषाचा परिहार होय.

हळद ही आले, वेलदोडा ह्यांच्या कुळातील. जमिनीखालचा जो भाग आपण वापरतो ते मूळ नव्हे. ते जमिनीत आडवे वाढणारे खोड आहे. त्यावर पेरे असतात, डोळे असतात, आणि त्या डोळ्यांतूनच नवा कोंब फुटतो. मधला मोठा तो जेठा गड्डा आणि त्यास फुटलेली बोटे ती हळकुंडे. हळदीस फूल येते, परंतु उगवणारे बीज धरत नाही. कारण तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात व त्यांची समान वाटणी होऊ शकत नाही. म्हणजे आज आपल्या डब्यात जी हळद आहे ती कोणा पूर्वजाने जपून ठेवलेल्या गड्ड्याचाच तुकडा, हातोहात पुढे आलेला. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावणी, आठ-नऊ महिन्यांनी काढणी. मग काहिलीत शिजविणे, उन्हात वाळविणे आणि घोटून चकाकी आणणे, असा तिचा क्रम. आपल्या प्रांतात पूर्वीपासून सांगलीचे नाव; तेथील हळदीस २०१८ साली, आणि त्यापूर्वी २०१६ साली वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस, भौगोलिक मानांकन लाभले. अलीकडे हिंगोली व नांदेड ह्या जिल्ह्यांत हळदीचा फार मोठा विस्तार झाला आहे.

संस्कृतात तिला हरिद्रा, पीता, काञ्चनी, वरवर्णिनी अशी नावे आहेत, आणि निशा, रजनी इत्यादी रात्रीची नावेही तिलाच लागतात. चरकाने तिची गणना कुष्ठघ्न, विषघ्न आणि लेखनीय अशा तीन वर्गांत केली. सुश्रुताने तर हरिद्रादि असा स्वतंत्र गणच सांगितला. आमच्या भाषेत आणखी एक शब्द आहे, हरिद्राराग. ज्याचे प्रेम टिकत नाही अशा मनुष्यास हे विशेषण लावीत. कारण हळदीचा रंग चटकन चढतो आणि तितकाच चटकन उडतो. धोतरावर पडलेला हळदीचा डाग साबणाने जात नाही, उलट लालसर होतो; परंतु वस्त्र उन्हात टाकले की एक-दोन दिवसांत फिका पडतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते. ह्या शब्दाचा अर्थ मी वर्गात शेकडो वेळा सांगितला, परंतु त्यात हळदीचे अर्धे रसायनशास्त्र साठविलेले आहे हे मला सुनेने दाखविले.

तो पिवळा द्रव्यांश १८१५ साली फोगेल व पेल्तिये ह्या दोघांनी प्रथम वेगळा काढला. त्याची अंतर्रचना १९१० साली कोस्तानेत्स्की ह्या पोलिश रसायनज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी निश्चित केली. कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू. दोन टोकांस दोन कडी आणि त्यांस जोडणारी एक साखळी, असे त्याचे रूप. हळदीत त्याची दोन भावंडेही असतात. हळदीचा सुगंध मात्र त्याचा नव्हे. तो तिच्या उडून जाणाऱ्या तेलातील टर्मेरोन नावाच्या द्रव्यांचा. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते; फोडणीत हळद तेलात पडते आणि हळदीचे दूध सायीसकट घेतात, ह्यात आजीबाईंचे शहाणपण आहे. क्षार लागताच ते लाल होते. साबणाने डाग लाल होतो तो त्यामुळे. आणि हळकुंडांस टाकणखार व लिंबाचा रस लावून जे खरे कुंकू करीत, त्यातील तांबडा रंगही ह्याच द्रव्याचे रूपांतर होय. उजेडात ते विरते. आणि आपल्या रक्ताइतपत क्षारता असलेल्या नुसत्या पाण्यात ठेवले तर अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग नाहीसा होतो. हरिद्राराग तो हाच.

आता ज्या गुणामुळे जगभर त्याचा गवगवा झाला, त्याकडे वळू. कापलेले वांगे काळे पडते, तेल खवट होते, लोखंड गंजते; ही सारी प्राणवायूची करणी. शरीरातही श्वसनाबरोबर असे व्यापार अखंड चालू असतात व त्यांतून काही उतावळे कण निर्माण होतात. इलेक्ट्रॉन हे स्वभावतः जोडीने राहणारे. ह्या कणांत त्यांतील एक एकटा पडलेला असतो. देवळाबाहेर एकाची चप्पल नाहीशी झाली, म्हणून त्याने दुसऱ्याची घातली, दुसऱ्याने तिसऱ्याची. अशी रांग लागते, तसे हे कण एकमेकांपासून इलेक्ट्रॉन हिसकावीत पेशींतील स्निग्धांश, प्रथिने आणि बीजद्रव्य ह्यांस इजा करीत जातात. अशा वेळी एखादा सज्जन आपली चप्पल देऊन टाकतो व स्वतः शांतपणे अनवाणी घरी जातो. मालिका तेथेच संपते. तो सज्जन म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य. कर्क्युमिनच्या कड्यांवर हायड्रोजनचे जे अणू आहेत त्यांतील एखादा ते सहज देऊ शकते, आणि दिल्यावर स्वतः बेचैन होत नाही. कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्याच्या साखळीभर वाटला जातो. हा गुण शर्मा ह्या भारतीय संशोधकाने १९७६ साली शोधनिबंधाद्वारे मांडला.

ह्याची परीक्षा मी स्वतः पाहिली. बरा झाल्यावर सूनबाईने मला आपल्या प्रयोगशाळेत नेले. डीपीपीएच नावाचे एक गडद जांभळे द्रव्य असते. त्यात असाच एकटा इलेक्ट्रॉन बसलेला असतो. त्याच्या द्रावणात तिने हळदीच्या अर्काचे थेंब सोडले. जांभळा रंग डोळ्यांदेखत उतरत गेला. मी लहान मुलासारखा हरखून म्हणालो, "पाहिलेस? हळद उत्तीर्ण झाली!"

"झाली," ती म्हणाली, "पण ही परीक्षा काचेच्या नळीतली. चहा, आवळा, कोकम, डाळिंबाची साल, सारीच ह्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. मनुष्य म्हणजे काचेची नळी नव्हे, मामंजी."

हे वाक्य मी त्याच दिवशी माझ्या रोजनिशीत लिहून ठेवले.

मनुष्याच्या पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी फारच थोडे रक्तात पोहोचते. आतड्याच्या भित्तीत आणि यकृतात पहारेकऱ्यांसारखी विकरे बसलेली असतात. ती त्यास दुसरे द्रव्य चिकटवून बाहेरचा रस्ता दाखवितात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तब्बल २ ग्रॅम कर्क्युमिन घेतलेल्या माणसांच्या रक्तात ते जेमतेम आढळले किंवा आढळलेच नाही. परंतु सोबत मिऱ्यातील पाइपरीन हे सत्त्व २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा शोषण वीस पटींनी वाढले. हाच तो प्रयोग, ज्याच्या आधारावर माझ्या बाटलीवर मिऱ्याचे सत्त्व अभिमानाने छापले होते. परंतु मिऱ्याने केले काय? त्याने पहारेकऱ्यास झोपविले. पहारेकरी झोपला म्हणजे पाहुणा आत येतो हे खरे. पण त्याच दारातून दुसरेही शिरतात, आणि नेहमी घेतलेली औषधे शरीरातून वेळेवर बाहेर पडत नाहीत, हे कोणी छापीत नाही.

जे उतावळे कण नष्ट करावयाचे, तेही केवळ शत्रू नव्हेत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंस मारतात त्या ह्याच शस्त्राने. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरातील बीटा-कॅरोटीन हे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य नित्य गोळीरूपाने दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत तो रोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाणे निराळे आणि गाजराचे सत्त्व गोळ्यांनी भरणे निराळे.

हळदीच्या बाजूने बोलावयाचे तेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीच्या अर्काने चार आठवड्यांत आयबुप्रोफेन ह्या वेदनाशामकाइतकाच आराम पडला. म्हणजे माझ्या गुडघ्यास जो उतार पडला तो निव्वळ भास होता, असे म्हणण्याचे कारण नाही. उलटपक्षी २०१७ साली अमेरिकन रसायनज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरील १२० हून अधिक चाचण्यांचा धांडोळा घेतला आणि रुग्ण व वैद्य दोघांसही खरी गोळी कोणती हे ठाऊक नसते, अशा कडक कसोटीवर ते एकाही रोगात उतरलेले नाही, असा निष्कर्ष मांडला. तो सर्वांस मान्य झाला असे नाही. परंतु जाहिरातीतील छातीठोकपणास शास्त्रात आधार नाही, इतके त्यावरून निश्चित होते.

आणि अपाय? इटलीत २०१९ साली हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाची प्रकरणे एकामागून एक उजेडात आली. पुढे तेथील शासनाने अशा गोळ्यांवर इशारा छापणे बंधनकारक केले. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने २०२२ साली अशी १० प्रकरणे प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात राहावे लागले, एक दगावला. आणि दहांपैकी सातांच्या रक्तात एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. म्हणजे हा अपाय सर्वांस होत नाही. काहींच्याच देहात तो दडून असतो, आणि तो कोणाच्या, हे कपाळावर लिहिलेले नसते. माझ्या स्नेह्यांनी तीच गोळी वर्षभर घेतली, त्यांस काही झाले नाही.

येथे एक जुनी आठवण सांगितली पाहिजे. १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या दोन संशोधकांस, हळदीने जखम भरून येते ह्या 'शोधा'बद्दल एकाधिकार मिळाला होता. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, गोव्यातील माशेल गावी जन्मलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली, त्यास आव्हान दिले. ३२ लेखी आधार सादर झाले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक निबंधही होता. १९९७ साली तो एकाधिकार रद्द ठरला. ती वार्ता आली त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले होते. पुढे २००१ पासून आपले पारंपरिक ज्ञान संगणकात नोंदविण्याचे जे मोठे कार्य उभे राहिले, त्याच्यामागे ह्या लढ्याची प्रेरणा आहे.

तो अभिमान आजही मला आहे. परंतु त्या विजयाचा मी जो अर्थ लावला तो चुकीचा होता. तेथे प्रश्न होता, 'हे नवे आहे काय?' उत्तर मिळाले, 'नव्हे, हे भारतात पूर्वापार ठाऊक आहे.' 'हे कोणत्या मात्रेत, कोणास, किती गुणकारी आहे?' हा प्रश्न त्या कचेरीपुढे नव्हताच. प्राचीनत्वाचा पुरावा हा गुणाचा पुरावा नव्हे. कालिदासानेही आपल्या पहिल्या नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराकरवी जुन्याच्या आंधळ्या अभिमानाचे कान उपटले आहेत. ते मी दरवर्षी शिकवीत होतो, शिकत नव्हतो. त्याहून खेदाची गोष्ट ही की, ज्या शास्त्राच्या नावाने मी गोळी घेतली त्यासही मी विचारले नव्हते. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधसंहितेत हळदीच्या चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिली आहे. कोठे ३ ग्रॅम आणि कोठे ३२! शास्त्राने माझी फसवणूक केली नाही. मीच शास्त्राचे नाव पुढे करून जाहिरात वाचीत होतो.

आता अक्कांविषयी. त्यांचे वय ७४. हृदयाच्या झडपेच्या विकारासाठी त्या कित्येक वर्षे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, हे मला ठाऊक होते. सूनबाईने विचारले त्या रात्रीच मी दूरध्वनी केला. बाटली निम्मी संपली होती. "हातांवर थोडे काळेनिळे डाग येतात रे," अक्का म्हणाल्या, "आणि परवा नाकातून रक्त आले. पण म्हटले उन्हाळा लागला असेल."

दुसऱ्या दिवशी भाच्याने त्यांस डॉक्टरांकडे नेले. रक्त गोठण्याच्या तपासणीचा जो आकडा दोन व तीन ह्यांच्यामध्ये असावयाचा, तो सहाच्या वर गेला होता. न्यूझीलंडच्या औषध-खात्याने २०१८ साली असेच एक उदाहरण जाहीर केले आहे. हीच रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाने हळदीचे औषध सुरू केले आणि आकडा दहाच्या वर गेला. अक्का दोन दिवस रुग्णालयात राहिल्या व सुदैवाने संकट टळले. मेंदूत रक्तस्राव झाला असता तर हे पान लिहिण्यास माझा हात उठला नसता.

मी हिंडूफिरू लागल्यावर प्रथम गाडीने अमळनेरास गेलो. त्यांच्या पायांवर डोके ठेवून विचारले, "अक्का, डाग दिसत असता कोणास का सांगितले नाही?" त्या म्हणाल्या, "तू दिलीस म्हणजे शास्त्रात असेलच, असे मला वाटले." कोणी रागाने बोलले असते तर ते विसरता आले असते. हा विश्वास मात्र विसरता येत नाही.

वाचकहो, ह्यावरून हळदीचा डबा माळ्यावर टाका असे मी सांगत नाही. आमच्या घरी वरणात, फोडणीत, लोणच्यात हळद पूर्वीसारखीच पडते, आणि मुलांचे गुडघे फुटले की प्रथम पाण्याने धुऊन मग ती लावलीही जाते. स्वयंपाकातील हळदीने माझे यकृत बिघडले नव्हते. परंतु काही नियम आम्ही घरात लावून घेतले आहेत. स्वयंपाकघरातील पदार्थ गोळी होऊन बाटलीत शिरला की तो अन्न राहत नाही, औषध होतो. आणि औषध म्हटले की मात्रा आली, अपाय आला, वैद्याचा सल्ला आला. डॉक्टरांनी 'आणखी काय घेता?' असे विचारल्यास काढे, चूर्णे, अर्क, सारे सांगावयाचे. रक्त पातळ करणारे किंवा मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, यकृताचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी असे अर्क डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत. गोळी घेत असता भूक मंदावली, खाज सुटली, लघवी गडद झाली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठावा. आणि डब्यातील हळदही डोळसपणे घ्यावी. भडक पिवळेपणासाठी तिला शिशाचे विषारी रंगद्रव्य चोळल्याचे प्रकार बांगलादेशात व आपल्याकडेही उघडकीस आले आहेत. ते अखंड हळकुंडांसही लावतात, तेव्हा अतिचकाकीस भुलू नये.

आणि ज्यांस मी पौषात त्या गोळीचे नाव कळविले, त्या सर्वांस माझी हात जोडून विनंती आहे, की ती घेत असल्यास आजच थांबवावी आणि आपल्या डॉक्टरांस दाखवावी. मजजवळ ज्यांचे पत्ते होते त्यांस मी स्वतंत्र पत्रे लिहिली आहेत. ज्यांचे हरवले, त्यांच्यासाठी हे पान आहे.

माझा पिवळेपणा वैशाखाच्या अखेरीस उतरला. तपासणीचे आकडे ज्येष्ठात पूर्ववत् झाले. गुडघा अजून कुरकुरतो. डॉक्टरांनी सांगितलेले मांडीचे व्यायाम करतो आणि काठी घेऊन फिरावयास जातो. अक्कांचे परवाच पत्र आले. प्रकृती ठीक आहे, असे लिहून शेवटी विचारले आहे, 'सुंठ घेतली तर चालेल का? तुझ्या सुनेला विचारून कळव.'

तेव्हा पुढील महिन्यात सुंठीविषयी. ते लिखाण अंकाकडे धाडण्यापूर्वी सूनबाईने वाचून पाहावे, असे मी तिला सांगून ठेवले आहे.